ओटीवरचे साहेब

सेक्रेटरी नावाचा माणूस पूर्वी दाराशी बसे. आत साहेब, बाहेर जग आणि मधे एक टेबल. टेबलावर फोन, डायरी आणि टंकलेखन यंत्र. त्या टेबलाला वळसा घालून आत शिरायची हिंमत ना कंत्राटदारात होती, ना साहेबांच्या मेव्हण्यात. फोर्टातल्या ज्या कचेरीत माझी नोकरी झाली, तिथल्या बाई, साहेब आत वडापाव खात असले तरी, "मीटिंगमध्ये आहेत" असं इतक्या गांभीर्याने सांगत की समोरचा आपोआप हळू आवाजात बोलू लागे. लघुलेखन, टायपिंग, फायलिंग हे सगळं त्यांना येत होतंच. पण पगार त्याचा नव्हता. पगार दार सांभाळण्याचा होता.

आता दारच गेलं. साहेब अंधेरीच्या आपल्या घरी, त्यांची सेक्रेटरी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत, आणि दोघांच्या मधे सह्याद्रीतला पाऊस. ही सेक्रेटरी म्हणजे माझी भाची. महाडला टायपिंगचा क्लास, सुट्टीत एमएस-सीआयटी, मग बी.कॉम., मग मुंबईची नोकरी, अशी तिची चढती कमान होती. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आठ दिवसांचे कपडे घेऊन ती गावी आली, ती इथलीच झाली. कंपनी आता महिन्यातून थोडे दिवस तिला ऑफिसात बोलावते, बाकीचे दिवस घरून काम. याला हायब्रिड म्हणतात. मी बियाण्यांच्या पिशवीवर हा शब्द वाचला होता, म्हणून सुरुवातीला वाटलं, पोरीने शेती मनावर घेतली.

तिचं काम मी निवृत्त माणसाच्या फुरसतीने बघतो. त्यावरून माझं मत असं झालंय की घरबसल्या सेक्रेटरीला जी डिजिटल कौशल्यं लागतात म्हणतात, ती सगळी मिळून एकच आहे: नसलेलं दार पुन्हा उभं करायचं. साहेबांच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की साऱ्या कंपनीला कळतं, गडी जागेवर आहे. पूर्वी हे फक्त दाराशी बसलेल्या बाईंना ठाऊक असे आणि त्या ते सोयीने सांगत. आता यंत्र सगळ्यांना खरं सांगून मोकळं होतं. मग भाची साहेबांच्या कॅलेंडरात दुपारी दोन ते पावणेतीन "धोरणात्मक चिंतन" असा निळा चौकोन टाकून ठेवते. त्या वेळेत कोणाला मीटिंग लावता येत नाही. चिंतनाला घोरण्याचा आवाज असतो, हे कंपनीत एका तिलाच माहीत आहे.

दोन मीटिंगा एकाच वेळी आल्या की ती आमच्याकडचीच गोष्ट काढते. उमरठ इथून जवळ. तानाजी मालुसऱ्यांचं गाव. पोराच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलेला माणूस मोहीम घेऊन बाहेर पडला, ती 1670ची गोष्ट इथल्या पोरांना बाराखडीआधी कळते. भाची फोनवर साहेबांना सांगते, "सर, अकराला दोन बैठका आहेत. यातला कोंढाणा कुठला आणि रायबाचं लगीन कुठलं, तेवढं सांगा." साहेब एका शब्दात सांगतात. मग लगीन पुढच्या गुरुवारी जातं आणि आठ जणांच्या कॅलेंडरात आपोआप सरकतं. आमच्या काळी बैठक पुढे ढकलायची तर आठ ठिकाणी फोन, त्यातले तीन एंगेज, आणि एक जण हमखास जुन्या वेळेला येऊन बसायचा. त्याला चहा पाजून परत पाठवणं हेही सेक्रेटरीचंच काम.

दाराची खरी पंचाईत पुढेच आहे. साहेबांसाठी दार उभं करणाऱ्या या पोरीला स्वतःला दार नाही. आमच्याकडची घरं तुम्ही पाहिली असतील. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. दार आहे, पण ते रात्री लावायचं. दिवसा लावलं तर शेजारी विचारतात, कोण आजारी आहे का? भाची माजघरात भाताच्या कणगीपुढे खुर्ची टाकून बसते. कॅमेऱ्यात कणगी दिसू नये म्हणून तिने मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावलंय. एकदा कंपनीचे मोठमोठे लोक गंभीर चेहऱ्याने तोट्याचा हिशेब ऐकत असताना मागून कोंबडी गेली. यंत्राला कोंबडी हे कुटुंबातलं माणूस वाटलं की कपाटाची सजावट, ते काही ठरवता आलं नसावं. अंग कपाटात विरघळलं आणि लाल तुरा तेवढा स्वच्छ दिसत पुस्तकांच्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे सरकत गेला. कोणी काही बोललं नाही. वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये दिसलेलं सगळं बोलायचं नसतं, हा कचेरीचा जुना नियम अजून पाळला जातो याचं मला बरं वाटलं.

शेजारच्या काकूंचा अजून विश्वास नाही की ही कामावर आहे. "काय गो, अजून सुट्टीच हाय का तुझी?" असं विचारत त्या थेट आत येतात. कानात यंत्र घालून एकटीच बोलत बसलेल्या मुलीचं लग्न लवकर उरकावं, अशी सूचना त्यांनी माझ्या बहिणीला केली आहे. याच काकूंनी भाचीच्या कामात इतिहास घडवला. झालं असं, की कंपनीने मीटिंगचं इतिवृत्त लिहायला नवी यंत्रबुद्धी आणली. ती सगळं ऐकते, लिहून काढते, आणि शेवटी कोणी काय करायचं त्याची यादी करते. साहेब खूश. "आता तू मिनिट्स लिहायला नकोस," म्हणाले. पहिल्याच मीटिंगची यादी सगळ्यांना गेली. त्यात निविदा, वसुली आणि वार्षिक सभा यांच्या खाली चौथा मुद्दा होता: "दूध ओट्यावर ठेवले आहे, मांजर येण्याआधी ओतून घेणे. जबाबदारी: निश्चित नाही." वसुलीच्या साहेबांनी उलट टपाली विचारलं, हे आमच्या विभागाकडे येतं का?

तेव्हापासून यंत्राने लिहिलेलं भाची वाचते आणि मगच पुढे पाठवते. ती म्हणते, यंत्र ऐकलेलं सगळं लिहितं, इथेच त्याचं अडतं. साहेब मीटिंगमध्ये "बघू" म्हणाले की यंत्र लिहितं, साहेब बघतील. साहेबांच्या "बघू"चा अर्थ नाही असा आहे, आणि "बघूया की" म्हणजे पुढच्या वर्षी. इतिवृत्त लिहिणाऱ्याला हे कळलं नाही तर चार माणसं निष्कारण कामाला लागतात.

या बाबतीत आमच्या मुलखाची परंपरा जुनी आहे. रायगड इथून फार लांब नाही, आणि रायगडावरचे चिटणीस म्हणजे बाळाजी आवजी. त्यांची एक आख्यायिका सांगतात. महाराजांनी एक महत्त्वाचं पत्र लिहायला सांगितलं होतं. दिवसभराच्या गडबडीत ते राहून गेलं. रात्री महाराजांनी विचारलं, झालं का पत्र? वाचा. बाळाजींनी कोरा कागद समोर धरला आणि मायना ते शेवट असं खडाखडा पत्र वाचून दाखवलं. मशाल धरून उभ्या असलेल्या मशालजीला कागदाची दुसरी बाजू दिसत होती. तो हसला, आणि बिंग फुटलं. मग तिथेच बसून बाळाजींनी वाचलं तसंच्या तसं लिहून दिलं. गोष्ट किती खरी ते इतिहासकारांनी पाहावं, पण जगातल्या कुठल्याही सेक्रेटरीला ती पटेल. भाचीलाही असे प्रसंग येतात. साहेब अचानक विचारतात, ती टिपणी झाली का? ही कॅमेऱ्यात शांत चेहऱ्याने बघत टिपणीचे मुद्दे सांगत सुटते. सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि मग पलीकडून कोणीतरी म्हणतं, "जरा स्क्रीन शेअर करा ना." प्रत्येक मीटिंगमध्ये एक मशालजी असतोच.

त्या काळच्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असे. मजकूर संपला तिथे तो शिक्का उमटला की खाली कोणाला ओळ घुसवायची सोय राहत नसे. आताच्या डिजिटल सहीचं कामही तेच, सही झाल्यावर कोणी काना बदलला तरी ती बोंब मारते. फरक असा, की शिवकाळात शिक्का कोणाच्या ताब्यात आहे हे दरबाराला माहीत असे. इथे सहीची किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, परवलीचा शब्द भाचीच्या डोक्यात, आणि ओटीपी साहेबांच्या बायकोच्या फोनवर, कारण खातं उघडलं तेव्हा तोच नंबर दिला होता. त्यामुळे कंपनीचं तिमाही विवरण भरायचं असलं की आधी वहिनींना फोन करून त्यांच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते. ही पायरी कुठल्याही प्रशिक्षणवर्गात शिकवत नाहीत.

आमच्या कार्बनच्या काळातला एक बारकावा मात्र हरवला, तो हरवलाच. चार प्रती काढल्या की वरची ठसठशीत आणि शेवटची पुसट. ठसठशीत कोणाला द्यायची आणि पुसट कोणाला, यातून बाई कचेरीचं सगळं राजकारण चालवत. लेखा विभागाशी बिनसलं की त्यांना दोन महिने पुसट प्रत. डोळे ताणून आकडे वाचता वाचता माणूस आपोआप नमतं घेई. आता मेल सगळ्यांना सारखाच काळाभोर पोचतो. लोकशाही आली खरी, पण त्यात नजाकत नाही.

आणि प्रती तरी किती! एकाच फाइलीला भाचीच्या ऑफिसातले लोक आधी "फायनल", मग "फायनल नवी", मग "फायनल साहेबांनी बघितलेली" अशी नावं देत. सरकारी पत्र असलं तर त्यात फॉन्टची भानगड. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसते कंस आणि टिंबं. भाचीने हळूहळू सगळ्यांना युनिकोडवर आणलं आणि एकच फाइल एकाच जागी ठेवून सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं अशी शिस्त लावली. कोणी, कधी, काय बदललं हे तिथे मागे जाऊन बघता येतं. ही सोय कळल्यापासून ऑफिसातले निम्मे वाद मिटले, कारण ज्यांनी आकडे बदलले होते त्यांनी वाद घालणं थांबवलं.

पोलादपुरात राहून हे सगळं करणं म्हणजे पावसाशी वेगळा करार करावा लागतो. वर महाबळेश्वर, तिथे वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पडतो, आणि सावित्री ते सगळं घेऊन आमच्याकडे उतरते. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा भाचीच्या घरून कामाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. झाडं आडवी, खांब आडवे, वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. ती फोन जीपच्या बॅटरीवर चार्ज करायची आणि मेल पाठवायला आंबेनळीच्या रस्त्याने वर चढून एका वळणावरच्या कठड्यापाशी उभी राहायची. पुढच्या वर्षीच्या जुलैत महाडला पूर आला, डोंगर खचले, तळियेसारखी वाडी गेली, आमच्या तालुक्यातही माणसं गेली. त्या दिवसांबद्दल विनोदाने लिहिता येत नाही, लिहूही नये. एवढंच सांगतो की त्या आठवड्यात साहेबांचा पहिला मेल कामाचा नव्हता. आणि भाचीने रेंज मिळाल्यावर पहिला संदेश पाठवला तोही साहेबांना नव्हता. कोणाच्या घरची माणसं कुठल्या शाळेत आहेत, त्याची यादी तिने मुंबईतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. नाव, वाडी, सध्याचा मुक्काम, संपर्क असे रकाने पाडलेली. रकाने पाडायची सवय अशीही उपयोगी पडते.

महाडजवळ नाते म्हणून गाव आहे. चिंतामणराव देशमुख तिथे 1896 साली जन्मले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले म्हणून लोकांना ठाऊक असतात, पण आमच्या भाचीला त्यांचं कौतुक निराळ्या कारणाने आहे. 1931च्या गोलमेज परिषदेत ते सचिवांपैकी एक होते, आणि रिझर्व्ह बँकेतही गव्हर्नरपदाच्या आधी मध्यवर्ती मंडळाचे सचिव. म्हणजे सेक्रेटरीगिरी करून माणूस नोटेवर सही करण्यापर्यंत पोचला. याच देशमुखांनी मेघदूताचा मराठी पद्यात अनुवाद केला. ढगाच्या हाती निरोप देण्याची कल्पना आवडलेला हा महाडकडचा माणूस. आमच्याकडचा ढग निरोप नेत नाही हो, अडवतो. जुलैत एकदा टॉवरवर ढग बसला की अंधेरीचे साहेब अर्ध्या वाक्यात तोंड उघडं ठेवून गोठतात, आणि उरलेलं वाक्य भाचीला अंदाजाने पुरं करावं लागतं. आजवर तिचा अंदाज चुकलेला नाही. साहेबांची वाक्यं बदलत नाहीत.

खरं पाहता आमच्या भागाला हायब्रिड नोकरी नवी नाही. गिरणीतला चाकरमानी काय करत होता? देह लालबागला, जीव पोलादपूरला, आणि शिमगा-गणपतीला प्रत्यक्ष हजेरी. त्याला पत्र लिहून द्यायला वाडीत एकच माणूस असे, शाळेचे मास्तर. बायका मास्तरांपुढे बसून मजकूर सांगत. "लिवा मास्तर, दोन म्हयनं झालं पैशाचा पत्त्या नाय, मेल्याला लाज वाटाया पायजे." मास्तर मान हलवत लिहीत, "आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. इकडे पाऊस बरा आहे. मुलांची फी भरावयाची राहिली आहे." पत्र वाचून दाखवलं की बाई म्हणायची, "अक्षी माझ्या मनातलं लिवलंत." मनीऑर्डर पुढच्या आठवड्यात यायची. भाचीचे साहेब सकाळी रागाच्या भरात तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवतात. त्यात पुरवठादाराच्या खानदानाचा उल्लेख असतो. भाची तो ऐकते, चहा पिते, आणि लिहिते, "आपल्याकडील माल अद्याप प्राप्त झालेला नाही, कृपया सोमवारपर्यंत खुलासा करावा." साहेब संध्याकाळी वाचून म्हणतात, हेच मला म्हणायचं होतं.

त्या "कृपया"नेच एकदा कंपनीचे पैसे वाचले. साहेबांच्या नावाने मेल आला: मी बैठकीत आहे, फोन करू नकोस, तातडीने गिफ्ट कार्डं विकत घेऊन त्यांचे नंबर पाठव, कृपया. पत्ता जवळजवळ बरोबर, एका अक्षराचा फरक. संगणकवाल्यांनी नंतर तो फरक शोधून काढला आणि सगळ्यांना व्याख्यान दिलं. भाचीने अक्षरं मोजलीच नव्हती. तिने दोन गोष्टी पाहिल्या. साहेबांनी तिला जन्मात "कृपया" म्हटलेलं नाही. आणि मेलची वेळ होती दुपारी दोन वाजून वीस मिनिटं, म्हणजे चिंतन चालू. तिने साहेबांना उठवलं, मग 1930वर तक्रार नोंदवली. झोपमोडीबद्दल साहेब आधी चिडले आणि मग, मेलमध्ये का होईना, आभारी आहे असं म्हणाले. ते मी डोळ्यांनी वाचलंय.

गेल्या मे महिन्यात साहेब सहकुटुंब महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूरहूनच घाट चढायचा, म्हणून न कळवता आमच्या वाडीत आले. भाची आत मीटिंगमध्ये. मी त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं, कोकम सरबत दिलं. त्यांनी आत डोकावायचा प्रयत्न केला तेव्हा आमच्या बहिणीने उंबऱ्यातच अडवलं. "बसा जरा. ती कामात आहे. कामात असली की कोणाला सोडायचं नाही, असं तिच्या साहेबांनी सांगितलंय." साहेब निमूट बसले. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी गाव, पगार आणि मुलं किती ते विचारून घेतलं. वीस मिनिटांनी साहेबांनी फोन काढला आणि भाचीच्या कॅलेंडरात स्वतःसाठी पंधरा मिनिटांची वेळ मागितली. आतून मंजुरी आली.

वाडीतल्या लोकांना आता तिच्या कामाचा उपयोग कळलाय. बचत गटाचं इतिवृत्त तिच्याकडे, सप्त्याच्या वर्गणीचा हिशेब तिच्याकडे. पण तिची खरी परीक्षा गणपतीच्या रिझर्व्हेशनची. रेल्वेने नोव्हेंबर 2024पासून आगाऊ आरक्षण एकशेवीस दिवसांवरून साठवर आणलं, त्यामुळे ती तारीख कधी येते हे पंचांगापेक्षा भाचीला आधी कळतं. आदल्या दिवशी ती परळ, दिवा, नालासोपारा इथल्या सगळ्या भावकीची नावं, वयं, कोणाला खालचा बर्थ, हे एका फायलीत तयार ठेवते. वीर की करंजाडी, कोण कुठे उतरणार, ते वेगळ्या रकान्यात. सकाळी आठ वाजता खिडकी उघडते आणि मिनिट-दोन मिनिटांत गाड्या भरतात. त्या वेळेत घरात कोणी पंखासुद्धा लावायचा नाही.

यंदा त्या दिवशी सव्वासातलाच साहेबांचा फोन आला. आठला तातडीची मीटिंग हवी होती. भाचीने सांगितलं, "सर, आठला जमणार नाही. माझ्या कॅलेंडरात बघा, अत्यावश्यक बैठक आहे." साहेबांनी बघितलं, तारीख मोजली, आणि फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. साहेब मूळचे चिपळूणचे. मग त्यांचा मेल आला: चिपळूणची चार जमतील का, कृपया.

भाचीने लगेच उत्तर पाठवलं: चौघांची पूर्ण नावं आणि वयं पावणेआठपर्यंत कळवावीत, उशिरा आल्यास विचार होणार नाही.